सतरा नंबरची डबी

माघात नंदुरबारमध्ये खोकणाऱ्या माणसाकडे कुणी वळून पाहत नाही. गावाबाहेरच्या पथारींवर लाल मिरची वाळत पडलेली असते, वारा फिरला की तिचा खाट, तो घशात बसणारा उग्र वास, थेट बसस्टँडपर्यंत येतो, आणि मग वकील खोकतो, आरोपी खोकतो, मंगलाष्टकं म्हणणारा भटजी खोकतो. मगन कंडक्टर तर शपथेवर सांगायचा की एका साली जत्रेत परगावचा खिसेकापू सापडला, तो कसा, तर अख्खी रांग खोकत होती आणि हा एकटाच गप्प उभा होता. हा मगन एस.टी.तून निवृत्त होऊन सहा वर्षं झालेला, बायको जाऊन चार महिने झालेला. त्या सकाळी टपरीवर बशीत ओतलेल्या चहाला फुंकर घालत होता आणि खिशातला फोन वाजला. पलीकडून बाईचा आवाज आला, काका, मी रिना, डॉक्टर रिना. येत्या गुरुवारी ती सुरतहून विसरवाडीला तपासणीसाठी येणार होती, तिथं येऊन काकांनी एका कागदावर सही करावी एवढंच तिचं म्हणणं होतं. मग तिनं कारण सांगितलं. त्यांच्या अभ्यासातल्या सगळ्या पेशंटांत कोकिळाकाकूंचा नमुना, सतरा नंबरचा, वेगळाच निघाला होता. ज्यांच्या पोटातले जंतू भरपूर आणि तऱ्हेतऱ्हेचे, त्यांना फुप्फुसाच्या कॅन्सरवरचं ते नवं औषध बरं लागू पडत होतं. ज्यांचं पोट ओसाड, त्यांना कमी. एकट्या काकूंचं उलटं. पोट भरल्या शेतासारखं आणि औषधाचा काडीचा उपयोग नाही. वरचे डॉक्टर आता म्हणत होते की आपला अंदाजच पुन्हा तपासला पाहिजे, आणि जे काही छापलं जाईल त्यात सतरा नंबर सगळ्यात पुढे राहील. नाव नसेल, पण काकूच असतील. मगन म्हणाला, हां बेटा, येतो. बशीतल्या चहावर साय धरली होती. ती त्यानं बोटानं बाजूला केली आणि चहा न पिता बशी खाली ठेवली. सतरा नंबरच्या डबीत जे होतं ते कोकिळाचं नव्हतंच. ते मगनचं होतं.

टपरीवरून घर पाच मिनिटांवर, पण त्या दिवशी ते हलत हलत लांब गेलं. पथारीच्या कडेनं चालताना डोळ्यांत पाणी आलं; ह्या गावात त्याची एक सोय आहे, माघात कुणाच्या डोळ्यांत पाणी दिसलं तर कारण विचारत नाहीत. कोकिळाचा खोकला असाच मिरचीत लपून बसला होता. गेल्या साली मार्गशीर्षात तिला ठसका लागला तेव्हा सगळ्या गल्लीला लागला होता. शेजारची कमलीबाई खोकायची, तिची सून खोकायची, त्यांच्यात कोकिळाचा खोकला वेगळा कसा ऐकू यावा? फाल्गुनात पथारी उठल्या, वारा स्वच्छ झाला, बाकीच्यांचे घसे सुटले. कोकिळाचा तेवढा राहिला. तेव्हासुद्धा ते दोघं म्हणाले, औंदा मिरची भारी तिखट होती. मगननं तर त्याची गोष्टच केली होती, की ह्या बाईच्या घशात एक बी अडकलंय आणि त्याला आता पानं फुटतील. ती गोष्ट त्यानं कितीदा सांगितली. एकदा तिच्या भावापुढे, कोरीटला शेतावर, ती खोकत असताना सांगितली आणि सगळे हसले, तीही. घशात बी. फोटो काढला तेव्हा छातीत उजव्या बाजूला जे दिसलं ते सुपारीएवढं होतं, आणि डॉक्टर बोट ठेवून दाखवत असताना मगनला पहिल्यांदा कसली आठवण झाली तर आपल्या त्या गोष्टीची. कोकिळानं जन्मात विडी ओढली नव्हती, तंबाखूला हात लावला नव्हता. कशामुळे झालं हे त्यानं विचारलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. मगनला ह्या उत्तराची सवय नव्हती. त्याला कुणीही काहीही विचारलं तरी त्याच्याकडे सांगण्यासारखं असे.

तेहतीस वर्षं त्यानं तिकिटं फाडली आणि थापा मारल्या, त्यातली निम्मी धडगावच्या गाडीवर. घाट लागला की गाडी पहिल्या गिअरमध्ये कण्हायला लागे, माणसं खिडकीबाहेर दरी बघून गप्प होत, आणि मग मगन दोन बाकांच्या मध्ये उभा राहून नऊ वाघांची गोष्ट काढी. एकदा म्हणे ह्याच वळणावर डिझेल संपलं. उतारूंनी ढकलून पाहिलं, गाडी हलेना. तेवढ्यात रानातून नऊ वाघ आले, मागं पंजे लावले आणि गाडी ढकलत वर नेली. त्यातला एक लंगडा होता. तो नुसता पंजा टेकवून ढकलल्यासारखं करायचा. माथा आला तसे आठ वाघ पलीकडे उतरून गेले, लंगडा मागं राहिला. अजून त्या वळणावर बसलेला असतो. पोरं काचेला नाक लावून बघत. आश्रमशाळेत जाणारी एक लहानगी, दोन वेण्या लाल फितीनं डोक्यावर बांधलेली, घरी पावरी बोलणारी आणि मराठी तोलून मापून बोलणारी, तिनं एकदा विचारलं होतं, नऊच कशावरून. मगन खूश झाला. त्यानं तिला आपली विद्या दिली. खूप वाघ आले म्हटलं तर लोक हसतात, नऊ म्हटलं की मोजायला लागतात. थाप मारायची तर आकडा पक्का पाहिजे, आणि त्यात एक लंगडा पाहिजे. ती पोर पुढे शिकत गेली, गाडीतून दिसेनाशी झाली. आणि गेल्या वैशाखात विसरवाडीच्या तपासणीत कोकिळाला धरून आत नेताना पांढऱ्या कोटातली बाई खुर्चीवरून उठली आणि म्हणाली, कंडक्टर काका, लंगडा बसलाय का अजून? तो क्षण मगनला पुन्हा पुन्हा आठवत राही, कारण त्या क्षणी त्याला वाटलं होतं की आता सगळं ठीक होणार. आपली पोरगी खुर्चीवर बसली आहे.

रिनानं त्यांना समजावून सांगितलं होतं. औषध नवं आहे, ते कॅन्सरला थेट मारत नाही, आपल्याच अंगातल्या शिपायांना जागं करतं. ते शिपाई तरतरीत राहायचे तर पोटातले जंतू धडधाकट लागतात, असं आता दिसायला लागलंय. किती खरं, तेच आम्ही बघतोय. म्हणून आधी पोटाचा नमुना, म्हणजे शौचाचा. पिशवीत दोन डब्या दिल्या, एक सांडली तर दुसरी असावी म्हणून, झाकणाला आतून चिमुकला चमचा लावलेल्या. मग कागद पुढे ओढून तिनं विचारलं, गेल्या महिन्याभरात काकूंना कुठली अँटिबायोटिक, म्हणजे जंतू मारायची गोळी, कॅप्सूल दिली का? दिली असेल तर पोटातलेही मरतात, मग महिनाभर थांबून औषध सुरू करू. कोकिळा भिंतीला टेकून डोळे मिटून बसली होती. मगनच्या डोळ्यांपुढे ती लाल-पांढरी कॅप्सूल आली. ताप आला की, खोकला वाढला की तो मेडिकलमधून स्वतःच घेऊन यायचा, चिठ्ठी कुणाला लागते, सगळी गल्ली असंच करते. हिवाळाभर दिल्या होत्या. शेवटची पाच दिवसांची पट्टी संपून अकरा दिवस झाले होते. अकरा. आणि महिनाभर थांबायचं. कोकिळाला आदल्या आठवड्यात अंगणातून स्वयंपाकघरापर्यंत यायला मध्ये एकदा उंबऱ्यावर बसावं लागलं होतं. महिन्याभरानं ती उंबऱ्यापर्यंत तरी येईल का? मगन म्हणाला, नाही, काही दिलं नाही. त्यानं सांगितलेली ही सगळ्यात लहान गोष्ट. तीत आकडा नव्हता, लंगडा नव्हता, आणि तिच्यावर तत्काळ विश्वास बसला. रिना लिहिता लिहिता एवढंच म्हणाली की बरं झालं, तसंही नमुन्यात कळतंच. पोट काही लपवत नाही.

परतीच्या गाडीत तो त्या एका वाक्याशी बसून राहिला. विसरवाडीच्या नाक्यावर ट्रक एकामागून एक गुजरातकडे वळत होते. कोकिळाचं डोकं त्याच्या खांद्यावर होतं. पोट काही लपवत नाही, मग पोटच बदललं पाहिजे. आयुष्यभर लोकांपुढे नसलेली गोष्ट असल्यासारखी मांडत आलेल्या माणसाला हे किती सहज सुचलं! दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं डबी भरली, बर्फाच्या थर्मासात ठेवली, वरून जुना टॉवेल गुंडाळला. कोकिळा ओसरीत खाटेवर टेकून बघत होती. डबी तिच्या हातात न देता भरून आली, एवढं तिला कळायला पुरेसं होतं. तिनं त्याला जवळ बोलावलं आणि आवाज खाली करून विचारलं, "हाई मन्हं शे का तुम्हनं?"

मगन टॉवेलाची गाठ मारत होता. तो म्हणाला, "आपलं शे."

ती हसली. तोंडाला पदर लावून, खांदे हलवत, लग्नात हसायची तशी. आणि हसता हसता खोकला आला, तो थांबेना, थर्मास खाली ठेवून त्याला तिची पाठ चोळत बसावं लागलं. खोकला थांबल्यावरही तिच्या डोळ्यांत हसू उरलं होतं. त्यानंतर ती तसं हसली नाही, म्हणून हे मगनला लख्ख आठवतं. आणि 'आपलं' हे काही अगदीच खोटं नव्हतं, असं तेव्हा त्यानं मनाला समजावलं. एकेचाळीस वर्षं एका ताटातलं खाल्लं. तिच्या हातची ज्वारी-उडदाची कळण्याची भाकर, तिच्या बोटांनी मोडलेली. तिच्या माहेरून, कोरीटहून, लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तांब्यात आलेलं विरजण, ते तिनं कधी मरू दिलं नव्हतं. रोजच्या दह्यातलं चमचाभर उद्याच्या दुधात, कधी बाहेरगावी जायचं झालं तर कमलीबाईकडे सांभाळायला देऊन. चैत्रात बिबड्यांची, त्या खानदेशी पापडांची, ज्वारी आंबवायची तेव्हा तीन दिवस घरभर तो आंबूस वास, आणि चौथ्या दिवशी पातेल्यात घाटा शिजत असताना ती त्याच्या तळहातावर ऊन ऊन गोळा ठेवायची, तेल घालून. तेच दोघांच्या पोटात गेलं, मग तिचं वेगळं नि माझं वेगळं कसं? कॅप्सूल तेवढ्या एकट्या तिला दिल्या. आणि त्या कुणी दिल्या?

औषध सुरू झालं. सुरतला जायचं, हाताला सुई, तिथंच मिलमध्ये नोकरीला असलेला मुलगा दिनेश रजा काढून यायचा, परत यायचं. मगननं तिच्यासाठी पोटाची गोष्ट रचली. तुझ्या पोटात एक गाव वसलंय, त्याला पाटील आहे, कोतवाल आहे, गुरुवारचा बाजार भरतो. आज कोतवालानं दवंडी दिली की वर छातीत चोर शिरलाय, सगळ्यांनी काठ्या घेऊन निघा. ती डोळे मिटून ऐकायची आणि मध्येच विचारायची, किती जण निघाले. तो आकडा सांगायचा. चारशे बारा. एक लंगडा. दुसऱ्या खेपेनंतर तिला दोन दिवस बरं वाटलं, ती चुलीपाशी जाऊन बसली, त्यानं कमलीबाईला बोलावून दाखवलं. चौथ्या खेपेनंतर फोटो काढला. सुपारीचं लिंबू झालं होतं. त्या संध्याकाळी त्यानं गोष्ट सुरू केली, दवंडी दिली, काठ्या निघाल्या, आणि कोकिळा डोळे न उघडता म्हणाली, "गावमा कोनी नही, दिनेशना बाप. घरे उघडी शेतस. सगळा गयात." तिला काय कळलं होतं आणि काय नाही, हे मगनला आजतागायत ठाऊक नाही. पण तिनं ते रागानं म्हटलं नव्हतं. सगळे उठून गेलेल्या गावाहून जाऊन आलेलं माणूस सांगतं तसं सांगितलं होतं. दसऱ्यानंतर पाचव्या दिवशी ती गेली. तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं, आणि चौदाव्या दिवशी मगननं दह्याच्या गाडग्यावरचं झाकण काढलं तर आत हिरवं धरलं होतं. विरजण लावायचं कुणाच्या ध्यानात नव्हतं. तो त्या गाडग्यासमोर बसला आणि तेव्हा रडला. त्याआधी त्याला रडू आलं नव्हतं.

आता गुरुवार. सही करावी की सांगावं? बुधवारचा अख्खा दिवस तो ह्यातच हिंडला, अंगणातून स्वयंपाकघर, स्वयंपाकघरातून अंगण, उंबऱ्यावर एकदा बसून. सही केली तर कोकिळा सगळ्यांच्या पुढे राहते, सतरा नंबर म्हणून का होईना, मोठमोठे डॉक्टर तिचा विचार करतील. आणि उद्या कुठल्या दुसऱ्याच गावात कुणी कोकिळा खोकत येईल, तिला एरवी महिनाभर थांबायला सांगणारा डॉक्टर सतरा नंबरकडे बघून म्हणेल, छे, पोटाचा काही संबंध नाही, करा सुरू. सांगितलं तर तिला खोडून टाकतील. पण खरी भीती ही नव्हती, ती त्याच्याही खाली होती, विहिरीत पडलेल्या पोहऱ्यासारखी. सांगितलं तर त्याला रिनाला एक प्रश्न विचारावा लागणार होता. महिनाभर थांबलो असतो तर? हा प्रश्न चार महिने तो घरात कुठंही एकटा सापडला की समोर येऊन उभा राहायचा. आणि आणखी एक अडचण होती. मगन कंडक्टर उठून सांगणार की डबीत माझंच होतं, ह्यावर विश्वास कोण ठेवणार? अख्खा जिल्हा त्याला ओळखतो. रिना तर लहानपणापासून. ती म्हणेल, काका, नववा, तो लंगडा, कुठं आहे?

गुरुवारी सकाळी त्यानं लोणच्याच्या बरणीमागं ठेवलेली दुसरी डबी काढली. भरली. थर्मासात बर्फ घातला, टॉवेल गुंडाळला, गाठ मारली. ओसरीतली खाट रिकामी होती, तरी गाठ मारताना त्यानं वर पाहिलं.

नंदुरबार-विसरवाडी गाडीत शेजारी एक शेतकरी बसला, वाहरू नावाचा, बोलका. त्यानं थर्मासाकडे बघून विचारलं, बाबा, काय नेताय इतकं जपून. तेहतीस वर्षांच्या सवयीनं मगनच्या जिभेवर तीन उत्तरं एकदम आली, त्यातलं एक तर फारच झकास होतं. त्यानं ती गिळली आणि खरं ते सांगितलं, जसंच्या तसं. वाहरू आधी बघत राहिला, मग मांडीवर थाप मारून हसला, पुढच्या बाकावरच्याला सांगितलं, तो मागं वळून हसला. भारी माणूस शे बाबा, वाहरू म्हणाला. मगनही हसला. त्याला खोकला आला, तशी वाहरूनं खिडकी लावून घेतली आणि सांगितलं की मेडिकलमध्ये लाल-पांढरी कॅप्सूल मिळते, पाच दिवसांत घसा साफ. मगननं मान हलवली. घरीही शेजाऱ्यांनी आणून दिलेली एक पट्टी पडून होती, फोडलेली नव्हती. का घेतली नाही हे त्याला सांगता आलं नसतं. आत काय राहिलंय कुणास ठाऊक, पण जे राहिलंय त्याला हात लावायचा नाही, एवढंच.

तपासणीची गर्दी ओसरल्यावर रिनानं त्याला बाहेर बाकावर बसवलं, स्वतः शेजारी बसली. कागद मांडीवर. त्यानं पेन घेतलं नाही. टॉवेल सोडला, थर्मास उघडला, डबी काढून दोघांच्या मध्ये ठेवली, आणि सांगितलं. कॅप्सूल, अकरा दिवस, डबी, सगळं. म्हणाला, माझ्या शब्दावर जाऊ नको बेटा, ही घे आणि सतरा नंबरशी ताडून बघ. रिनानं डबीचं झाकण घट्ट बसलंय का पाहिलं. समोरून कांद्याचा ट्रक धूळ उडवत गेला. मग म्हणाली की ताडायची गरज नाही. वर्ष होत आलं, माणसाचं पोट बदलतं. आणि एका घरात राहणाऱ्यांची पोटं तशीही एकमेकांसारखी होत जातात. एका हातचं खाणाऱ्यांची तर जास्तच. डबीकडे बघत हळूच म्हणाली, ह्यातही थोड्या काकू असतील. मगननं डबीवर हात ठेवला, उन्हापासून आडोसा करावा तसा. सतरा नंबर काढावा लागेल, काका. त्यानं मान हलवली.

आता तो प्रश्न बाकावर तिसऱ्या माणसासारखा येऊन बसला होता. मगननं विचारला. महिनाभर थांबलो असतो तर? रिना म्हणाली, माहीत नाही. खरंच माहीत नाही, कदाचित कुणालाच सांगता येणार नाही. ती हे नीट, डोळ्यांत बघून, डॉक्टरसारखी म्हणाली. मगनला ते पटलं, आणि पटूनही तो उठेना. त्यानं टॉवेलाची घडी केली, मोडली, पुन्हा केली. खोकला आला, तो संपेपर्यंत ती थांबली. मग तो जमिनीकडे बघत म्हणाला, "बेटा, तू माझ्या गाडीत बसायचीस. मला काहीतरी सांग."

रिनानं कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली.

"नऊ दिवस," ती म्हणाली. "थांबलो असतो तर काकू नऊ दिवस जास्त राहिल्या असत्या. त्याहून एकही नाही."

मगननं तिच्याकडे पाहिलं. तिचा चेहरा सरळ होता, आवाज पक्का होता. चांगली शिकली होती पोरगी. त्यानं डोळे पुसले, मिरची इथपर्यंत येत नाही हे विसरून.

"त्यातला एक लंगडा असंल," तो म्हणाला.

"हो, काका. शेवटचा."